बाळाच्या शरीराला चरबी जाळता कधी येते?

महालवासी (धागाकर्ता), १० जानेवारी, रात्री १:२५

नमस्कार मंडळी. दोनचा गजर लावून बसलोय, झोप येत नाही म्हणून लिहितो.

आमचा मुलगा डिसेंबरच्या मध्यात ३४ व्या आठवड्यात झाला. वजन १ किलो ९०० ग्रॅम. बारा दिवस काचेच्या पेटीत होता. पहिल्या दोन दिवसांत साखर दोनदा उतरली, सलाईनमधून ग्लुकोज द्यावं लागलं. आता घरी आहे आणि चांगला आहे. सुटी देताना सिस्टरांनी बजावलं की दर दोन तासांनी दूध द्यायचं, झोपला असेल तर उठवून द्यायचं. माझी आई म्हणते, झोपलेल्या लेकराला उठवू नये, भूक लागली की आपोआप रडेल. बायको दोघींच्या मध्ये.

मी डॉक्टरांना विचारलं की अंगावर थोडी तरी चरबी आहे ना, मग दोन तासांत असं काय होणार? ते राउंडवर होते, जाता जाता म्हणाले, "त्याच्या यकृताला चरबी जाळायची सवय अजून लागलेली नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी कॉमर्सचा माणूस. सवय लागते म्हणजे काय होतं? ती यकृतालाच लागते की सगळ्या अवयवांना एकदम? आणि कधी? कुणाला माहीत असेल तर समजेल असं सांगा.

जाईजुई, १० जानेवारी, सकाळी ६:५०

अभिनंदन दादा. मी नवजात विभागात नर्स आहे, रात्रपाळी संपवून आत्ताच आले. बाकीचं जाणकार सांगतील, मी एवढंच सांगते: वेळेआधी झालेलं बाळ भुकेनं रडेलच असं नाही. साखर उतरली की ते उलट आणखी गाढ झोपतं, ढिलं पडतं. आईंना हे नीट समजावून सांगा. गजर बंद करू नका.

इतवारीच्या_काकू, १० जानेवारी, सकाळी ८:१०

जाईजुई, बरोबर बोललीस. आमच्या धाकट्याच्या वेळी, १९८१ साल, आठव्या महिन्यात बाळंत झाले. सासूबाई कापसाच्या पेळूत गुंडाळून ठेवायच्या आणि बोंडल्यानं घोट घोट दूध पाजायच्या. रात्रभर शेगडीपाशी बसून. त्या कधी म्हणाल्या नाहीत की झोपू दे. "चिमणीचं पोट हाय, भरलं न भरलं रितं होते," असं म्हणायच्या. तुझ्या आईला माझा निरोप सांग.

वैनगंगा, १० जानेवारी, सकाळी ११:३०

मी जीवरसायनशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. इतका नेमका प्रश्न वर्गात फार क्वचित आला, म्हणून सविस्तर लिहिते.

पोटात असताना बाळाला वारेतून चोवीस तास ग्लुकोज मिळत असतं. चरबी जाळायची गरजच नसते. उलट शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गर्भ चरबी बनवून साठवत असतो. हे बनवण्याचं काम जोरात चालू असताना पेशीत मॅलोनिल-कोए नावाचा रेणू भरपूर असतो, आणि तो जाळण्याचं दार दाबून धरतो. ते दार म्हणजे सीपीटी-१ हे एन्झाइम, मराठी पुस्तकातलं विकर. लांब साखळीची मेदाम्लं (चरबीचे मूळ घटक) कार्निटिन नावाच्या वाहकाला जोडली जाऊनच तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्टीच्या, आत जातात, आणि ती जोडणी हे एन्झाइम करतं. आत गेल्यावर त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडणारी एन्झाइमं वेगळी. लांब साखळीसाठी एक, मध्यम साखळीसाठी एक, आखूडसाठी एक. शेवटी यकृतात या तुकड्यांपासून किटोन तयार होतात, म्हणजे इतर अवयवांना जाळता येणारे छोटे रेणू. तिथलं कळीचं एन्झाइम एचएमजी-कोए सिंथेज, त्यातही तंतुकणिकेतलं.

नाळ कापली की काही तासांत चित्र उलटतं. इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन (त्याच्या उलट काम करणारं संप्रेरक) चढतं, मॅलोनिल-कोए कमी होतो. यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) साधारण बारा तासांत संपत येतो. आणि पोटात येतं ते आईचं दूध, ज्यातली जवळपास निम्मी ऊर्जा मेदातून मिळते. आयुष्यात आहार इतका झटकन पुन्हा कधीच बदलत नाही.

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर हे फार बारकाईनं मोजलं गेलंय. गर्भाच्या यकृतात त्या सिंथेजचं जनुक जवळजवळ गप्प असतं. जन्मानंतर काही तासांत ते बोलायला लागतं, पिल्लू अंगावर पीत असेतो चढं राहतं, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू दाणे खायला लागलं की पुन्हा खाली येतं. गंमत म्हणजे दुधातली मेदाम्लंच पीपीएआर-अल्फा नावाच्या प्रथिनाला चिकटून ही जनुकं चालू करतात. म्हणजे दूधच यकृताला दूध पचवायला शिकवतं.

तुमच्या डॉक्टरांची "सवय" ती ही.

लांबून_नागपूरकर, १० जानेवारी, दुपारी १२:०५

वैनगंगाताई, सुंदर. पण जनुक "बोलतं" म्हणजे नक्की काय? ते तर जन्मापासून तेच असतं ना?

टाचणी, १० जानेवारी, दुपारी १:४०

मी सांगू? एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या हेच हातात घेऊन बसलेय.

यकृताच्या, हृदयाच्या, मेंदूच्या पेशीत जनुकं तीच असतात. पण प्रत्येक पेशी त्यातली ठरावीक जनुकं उघडून त्यांच्या आरएनए प्रती काढते, आणि त्या प्रतींवरून प्रथिनं बनतात. कुठल्या ऊतीत, कुठल्या वयात, कुठल्या जनुकाच्या किती प्रती निघतात, हे जनुकाचं व्यक्त होणं. मोजायचं कसं, तर गर्भ, नवजात, दूधपितं पिल्लू, मोठा उंदीर अशा वेगवेगळ्या वयांचे ऊतींचे तुकडे घेऊन त्यातला आरएनए वेगळा करायचा. आधी नॉर्दर्न ब्लॉट या चाचणीत आरएनएची पट्टी गडद आहे की फिकी ते बघायचे, आता पीसीआरनं मोजतात.

आणि महालवासी, तुमच्या "सगळ्या अवयवांना एकदम का?" याचं उत्तर ठामपणे नाही असं आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे.

हृदय बघा. गर्भाचं हृदय ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं. मोठ्या माणसाचं हृदय निम्म्याहून जास्त ऊर्जा, साधारण ६० ते ७० टक्के, मेदाम्लांतून घेतं. म्हणजे जन्मानंतर हृदयाला पूर्ण इंधन बदलावं लागतं. मध्यम साखळीच्या एन्झाइमचा (एमकॅड म्हणतात त्याला) आरएनए उंदराच्या हृदयात जन्मानंतर वाढत जातो. सीपीटी-१ चे तर मुख्य दोन नमुने आहेत, एक यकृताचा, एक स्नायूंचा. नवजात उंदराच्या हृदयात यकृताच्या नमुन्याचाही बऱ्यापैकी वाटा असतो आणि वाढत्या वयात तो जवळपास नाहीसा होतो, स्नायूंचा नमुना ताबा घेतो. दोन्हींत फरक असा की स्नायूंचा नमुना मॅलोनिल-कोएला जास्त घाबरतो.

मूत्रपिंडात आणखी वेगळं. बाहेरच्या भागातल्या नलिका मेदाम्लांवर पोसलेल्या असतात, आतल्या भागात प्राणवायू कमी, तिथे ग्लुकोजवरच भागवावं लागतं. एकाच अवयवात दोन इंधनं!

सदरकर, १० जानेवारी, दुपारी ३:१५

मी गेलं वर्षभर किटो डाएट करतोय, भात-पोळी जवळजवळ बंद, चरबी भरपूर. म्हणजे अंगावर पिणारं प्रत्येक बाळ किटोवरच असतं म्हणा की. मग मेंदूही चरबीच जाळतो का बाळाचा?

टाचणी, १० जानेवारी, दुपारी ३:५०

चरबी नाही, किटोन. हा फरक महत्त्वाचा आहे. मेंदू मेदाम्लं इंधन म्हणून जवळजवळ वापरत नाही. यकृत मेदाम्लांचे किटोन बनवतं आणि मेंदू ते वापरतो. आणि यकृत स्वतः बनवलेले किटोन स्वतः जाळू शकत नाही, कारण त्याच्याकडे त्यासाठी लागणारं एससीओटी हे एन्झाइम नसतं. ज्यानं स्वयंपाक करायचा त्यानं ते ताट घ्यायचं नाही अशी रचना.

दूधपित्या उंदरांच्या मेंदूत किटोन वापरणारी एन्झाइमं मोठ्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त असतात, साधारण तिसऱ्या आठवड्यात शिगेला पोचतात आणि दूध तुटलं की उतरतात. हे १९७१ मध्ये हान्स क्रेब्स यांच्या गटानं मोजलं होतं, सायट्रिक आम्ल चक्रवाले तेच क्रेब्स. मोठ्या माणसाचा मेंदू लांबच्या उपवासात किटोनवर जगतो हे ओवेन आणि केहिल यांनी १९६७ मध्ये दाखवलं. तुमच्या किटोचा आधार तो आहे, बाळाचा नाही.

दवाखान्यातला, १० जानेवारी, रात्री ९:२०

बालरोग विभागात आहे. चर्चा छान आहे, पण दोन ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं.

एक, उंदरावरून सरळ माणसावर उडी नको. उंदराचं पिल्लू अंगावर पांढरी चरबी जवळजवळ नसतानाच जन्मतं. पूर्ण दिवसांचं माणसाचं बाळ वजनाच्या १२ ते १५ टक्के चरबी घेऊन येतं. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाची साखर पहिल्या काही तासांत थोडी उतरली, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्तात किटोन चांगले चढलेले असतात, आणि तो मेंदूचा आधार असतो. आईला दूध यायला दोन-तीन दिवस लागतात तोवर बाळ चिकावर निभावतं ते काही अंशी याच्या जोरावर.

दोन, आरएनए वाढला म्हणजे एन्झाइमचं काम तेवढंच वाढलं असं नाही. प्रथिन बनायला वेळ लागतो, बनलेलं किती टिकतं ते वेगळं, आणि सीपीटी-१ सारखं एन्झाइम हजर असूनही मॅलोनिल-कोएनं दाबलेलं असू शकतं.

आता महालवासींच्या बाळाकडे. वेळेआधीच्या बाळाच्या दोन अडचणी आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. साठा कमी: २८ आठवड्यांच्या बाळात चरबी जेमतेम ३ टक्के, ३४ आठवड्यांना त्याहून जास्त पण पूर्ण दिवसांपेक्षा बरीच कमी. ग्लायकोजेनही शेवटच्या आठवड्यांतच भरतं. आणि यंत्रणा कच्ची: साखर उतरली की पूर्ण दिवसांचं बाळ किटोन वाढवतं, हे बाळ तितके वाढवू शकत नाही. म्हणजे साखर कमी आणि पर्यायी इंधनही कमी, अशी दुहेरी कोंडी. त्यात बाळाचा मेंदू वजनाच्या १२ टक्के, आपला २. मागणी केवढी असेल बघा. म्हणून दर दोन तास.

वैनगंगा, १० जानेवारी, रात्री १०:०५

@दवाखान्यातला, दोन्ही मुद्दे मान्य, आरएनएचा विशेषतः. पण एका गोष्टीवर मी अडून राहीन. उंदरांवरच्या कामाशिवाय आपल्याला कुठल्या ऊतीत काय चालतं हे कळलंच नसतं. निरोगी बाळाच्या यकृताचा तुकडा कोण काढणार, आणि का? रक्तातले किटोन तुम्ही मोजाल, पण ते कुठल्या जनुकामुळे आले हे उंदरानंच सांगितलं.

दवाखान्यातला, १० जानेवारी, रात्री १०:१८

मान्य. त्या पिल्लांचे उपकार आहेतच.

कोंबडीवाला_उमरेड, ११ जानेवारी, सकाळी ७:३०

नमस्कार. आमचा पोल्ट्रीचा धंदा हाय. तुमी म्हणता पोटातलं लेकरू साखरेवर जगते. मग अंड्यातलं पिल्लू कशावर जगते? तिथं तर साखर नावालेच असते, बलकात सारी चरबी. मले वाटते आमचं पिल्लू तुमच्या लेकरापेक्षा हुशार हाय.

वैनगंगा, ११ जानेवारी, सकाळी ९:१५

कोंबडीवालेभाऊ, लाख मोलाचं बोललात! अगदी खरं. अंड्यातल्या पिल्लाची ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बलकातल्या मेदातून येते. त्याला मेदाम्लं जाळायची यंत्रणा कवच फोडायच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. एन्झाइमं तीच, पण चालू व्हायची वेळ वेगळी, कारण शिदोरी वेगळी. एन्झाइम कॅलेंडर बघून चालत नाही, ताटात काय येणार आहे ते बघून चालतं. सस्तन प्राण्यांत जन्म आणि दूध हा इशारा असतो, पक्ष्यात बलक.

कोंबडीवाला_उमरेड, ११ जानेवारी, सकाळी ९:४०

म्हणूनच तर! एकविसाव्या दिवशी पिल्लू निघाच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेते. म्हणून एक दिवसाचं पिल्लू डब्यात घालून दाण्यापाण्याशिवाय दोन दिवस गाडीत नेता येते. आमी इतकी वर्षं करून राहिलो, काहून ते आज समजलं. तरी मी पोहोचल्या पोहोचल्या पाणी देतोच, उन्हाळ्यात तं गूळपाणी.

सदरकर, ११ जानेवारी, सकाळी १०:००

म्हणजे खरं किटो कोंबडीचं. आजपासून डाएटिशियन बदलला.

काटोलरोड, ११ जानेवारी, दुपारी २:२५

पशुवैद्यक आहे, म्हणून वासराचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वासरू जन्मतं तेव्हा त्याचं पहिलं पोट, रुमेन, नावापुरतंच असतं. दूध चौथ्या पोटात थेट उतरतं. वासराच्या लाळेत मेद फोडणारं एन्झाइम भरपूर असतं, इतकं की पाश्चात्त्य देशांत काही चीजना तिखट वास यावा म्हणून वासरा-करडांपासून काढलेलं हे एन्झाइम वापरतात. मग वासरू चारा-खुराक खाऊ लागतं, रुमेन वाढतं आणि रुमेनच्या आतल्या अस्तरात ते वर आलेलं एचएमजी-कोए सिंथेज वाढायला लागतं. उंदराच्या यकृतात दूध तुटल्यावर जे उतरतं तेच रवंथ करणाऱ्यांच्या रुमेनच्या अस्तरात चढतं! कारण तिथे जंतू चाऱ्यापासून ब्युटिरेट (एक आखूड मेदाम्ल) बनवतात आणि अस्तर त्याचे किटोन करतं.

आणि डुकराचं पिल्लू या बाबतीत बिचारं. त्याच्या यकृतात हे सिंथेज फार कमी, त्यामुळे किटोन जेमतेम. शिवाय ऊब देणाऱ्या तपकिरी चरबीचं मुख्य जनुक, यूसीपी-१, डुकराच्या वंशात निकामी झालेलं आहे. म्हणून पहिल्या दिवसात थंडी आणि उपास ही डुकराची पिल्लं दगावण्याची मोठी कारणं असतात. वर दिवा लावावाच लागतो.

जाईजुई, ११ जानेवारी, रात्री ८:४५

तपकिरी चरबीचा विषय निघाला ते बरं झालं. नागपूरचा जानेवारी म्हणजे पहाटे पारा ८-१० वर. बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. खांद्याच्या पात्यांमध्ये, मानेशी, मूत्रपिंडाभोवती ही तपकिरी चरबी असते, ती जाळून सरळ उष्णता निघते. वेळेआधीच्या बाळात ती कमी. आणि थंडी वाजली की जाळायला इंधन लागतं, साखर आणखी खाली जाते. म्हणून दूध आणि ऊब या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या धरतच नाही. महालवासी, बाळाला उघडं करून तुमच्या छातीशी धरा, वरून शाल. कांगारू पद्धत. वडिलांनीही करायची असते. तेल लावून उघड्यावर मालिश मात्र या थंडीत नको, डॉक्टरांना विचारून मगच.

इतवारीच्या_काकू, ११ जानेवारी, रात्री ९:१०

सासूबाईंची शेगडी आठवली.

अंबाझरी, १२ जानेवारी, सकाळी १०:३०

एक विचारते. माझं बाळही लवकर झालेलं, मी दूध काढून ठेवायचे आणि घरात ते उकळून द्यायचे, जंतू मरावेत म्हणून. फ्रीजमधल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास यायचा. त्याचा या एन्झाइमशी काही संबंध?

दवाखान्यातला, १२ जानेवारी, दुपारी १:१०

थेट संबंध आहे. नवजात बाळाच्या स्वादुपिंडातून मोठ्यांसारखं लायपेज (मेद फोडणारं एन्झाइम) अजून पुरेसं येत नाही, हीसुद्धा वयानुसार चढणारी गोष्ट आहे. मग इतक्या मेदाचं दूध पचतं कसं? जठरातलं लायपेज जन्मापासून बऱ्यापैकी काम करतं. स्वादुपिंड मोठ्यांच्या लायपेजच्याच कुटुंबातलं एक वेगळं लायपेज नवजात वयात जास्त बनवतं. आणि आईच्या दुधातच एक लायपेज येतं, जे बाळाच्या आतड्यात पित्ताशी गाठ पडली की जागं होतं. म्हणजे बाळाकडे जे एन्झाइम अजून नाही ते आई दुधातून पाठवते.

साबणाचा वास मेद फोडला जाऊन सुटलेल्या मेदाम्लांचा असतो. थंडीतही दुधातली लायपेजं थोडंफार काम करत राहतात. असं दूध बिघडलेलं असतंच असं नाही. पण उकळलं की लायपेज मरतं. दूध पेढीत ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात तेव्हाही ते निष्क्रिय होतं. दात्याच्या दुधाला ते करावंच लागतं, आणि तरीही ते पावडरच्या दुधापेक्षा लहानग्यांना बरं. स्वतःच्या आईचं दूध मात्र उकळू नये.

अंबाझरी, १२ जानेवारी, दुपारी १:३०

मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. वाईट वाटलं खरं. पण लेक आता दुसरीत आहे, धडधाकट.

शेवंती, १३ जानेवारी, रात्री ११:५०

वाचतेय तीन दिवस. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझ्या बहिणीची मुलगी नऊ महिन्यांची असताना तिला उलट्या-जुलाब झाले. रात्री काही घेतलं नाही, सगळ्यांना वाटलं झोपू दे, दमलीय. पहाटे उठेचना. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर फार खाली. ज्या डॉक्टरांनी तिला वाचवलं त्यांनी एक गोष्ट हेरली: इतका वेळ उपाशी असलेल्या बाळाच्या लघवीत किटोन भरपूर हवे होते, तिच्यात जवळजवळ नव्हतेच. टाचेतून रक्त घेऊन बाहेर पाठवलं. टाचणीनं वर लिहिलेलं ते एमकॅड एन्झाइम तिच्यात जन्मतःच काम करत नाही.

तोवर कळलंच नव्हतं, कारण दर दोन-तीन तासांनी पिणाऱ्या बाळाला ते एन्झाइम फारसं लागत नाही. फीडमधलं अंतर वाढलं आणि आजारपण आलं तेव्हा उघडं पडलं. औषध काही नाही, एकच पथ्य, उपाशी राहायचं नाही. आजारी पडली की लगेच साखरपाणी, नाही राहिलं पोटात तर सलाईन. आता ती अकरा वर्षांची आहे, सायकल हाणते, चतुर्थीला सगळ्यांच्या आधी जेवते.

महालवासी, तुमच्या बाळाला हे आहे असं मी म्हणत नाही. आईला हे वाचून दाखवा एवढंच.

टाचणी, १४ जानेवारी, सकाळी ७:०५

शेवंतीताई, लिहिलंत याबद्दल खूप आभार. आम्ही ज्या पट्टीला नुसतं गडद-फिकं म्हणतो ती पट्टी एका मुलीत अशी दिसते.

दवाखान्यातला, १४ जानेवारी, सकाळी ९:००

साखर कमी आणि किटोनही कमी, ही जोडी दिसली की हे डोक्यात यायलाच हवं. ज्यांनी हेरलं त्यांना नमस्कार. तपासणी टाचेच्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावर होते, अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाची करतात. आपल्याकडे पालकांनी विचारलं तर बऱ्याच ठिकाणी होते. विचारत जा.

लांबून_नागपूरकर, १४ जानेवारी, दुपारी १२:२०

तिळगूळ घ्या मंडळी. एक शंका राहिली. हृदयानं एकदा चरबीचं इंधन घेतलं की ते कायमचं का?

टाचणी, १४ जानेवारी, दुपारी ४:३०

नाही! रक्तदाबाच्या ताणानं हृदयाची भिंत जाड होते, हृदय थकत जातं, तेव्हा मेद जाळणारी एन्झाइमं पुन्हा खाली जातात, एमकॅडसुद्धा. हृदय गर्भातल्या चालीकडे परत झुकतं, ग्लुकोजकडे. म्हणून बाळाच्या हृदयाचा अभ्यास करणारे आणि म्हाताऱ्या हृदयाचा अभ्यास करणारे एकमेकांचे निबंध वाचतात. मी या विषयात पडले ती यामुळे. आजोबांचं हृदय असं थकत गेलेलं बघितलंय.

महालवासी (धागाकर्ता), ४ फेब्रुवारी, रात्री २:२०

दूध पाजून झालं, आता लिहितो. सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. हा सगळा धागा मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शेवंतीताईंचं वाचताना ती मध्येच उठून बाळाच्या पाळण्यापाशी गेली. काकूंच्या सासूबाईंचं "चिमणीचं पोट" तिला फार आवडलं. गेले काही दिवस माझ्या गजराआधी तीच उठून दिवा लावते.

आज दाखवून आलो. वजन २ किलो ७५० ग्रॅम. साखर चांगली. डॉक्टर म्हणाले रात्रीचं अंतर आता तीन तास चालेल. टाचेची तपासणी करून घेतली, ठीक आली. मी रोज संध्याकाळी तासभर त्याला छातीशी घेऊन बसतो, जाईजुईताई.

आता पुढचं विचारतो. उष्टावण झाल्यावर त्याची यंत्रणा पुन्हा साखरेकडे वळणार का, उंदरासारखी?

वैनगंगा, ४ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

वजन वाचून डोळे भरून आले.

वळेल, पण हळू. उंदराचं दूध काही दिवसांत तुटतं, म्हणून त्याच्या यकृतात उतार एकदम दिसतो. आपलं बाळ सहा महिन्यांनी वरणभात चाखतं तरी अंगावर वर्ष-दोन वर्षं पितं. भात वाढत जाईल तसं इन्सुलिन जास्त वेळ वर राहील आणि ग्लुकोजपासून चरबी बनवणारी बाजू पुन्हा जोर धरेल. पण जाळणारी बाजू तेव्हा गर्भातल्यासारखी गप्प होत नाही. जेवणाचं अंतर वाढलं की यकृत ती पुन्हा उघडतं. हृदय आणि स्नायू तर मेदावरच राहतात. लहान मुलं मात्र मोठ्यांपेक्षा लवकर रिकामी होतात. मेंदू मोठा आणि यकृताचा साठा लहान. तेव्हा चार-पाच वर्षांचा होईतो रात्री उपाशी झोपवू नका, आजारपणात तर नाहीच.

काटोलरोड, ४ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

आणि उष्टावणाच्या घासावर तूप घाला चांगलं. वासराला मिळत नाही ते, त्याला मिळू द्या.

कोंबडीवाला_उमरेड, ४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

उष्टावण कधी हाय ते सांगजा. अंडी माह्याकडून.

इतवारीच्या_काकू, ४ फेब्रुवारी, दुपारी १:००

बोंडलं अजून आहे माझ्याकडे, चांदीचं. पाठवते. आईला म्हणावं उकळत्या पाण्यात घालून मग वापर.